ह्येक्स, काके आणि पोल्सबोचे शंकरपाळे

मी अमेरिकेला एका बिस्किटासाठी गेलो, असं सांगितलं की सांगलीत लोक आधी हसतात आणि मग तिकिटाचा भाव विचारतात. दोन्ही रास्त आहे. बिस्किट खरं होतं, पण जाण्याचं कारण वेगळं होतं.

माझी भाची ऋचा सिएटलजवळच्या बॉथेल गावात एका बायोटेक कंपनीत काम करते. भावोजी शिमग्याच्या सुमारास गेले, त्यानंतर तिने तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, सुमनताईला, मिरजेहून तिकडे नेलं. ग्रीन कार्ड आधीच झालेलं होतं. ताई तिथे कायमची राहणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ताईनेही धरलं असावं. पण दिवाळी झाली आणि ती एका सकाळी म्हणाली, "मला मिरजेला जायचंय." का, ते सांगेना. तब्येत ठीक, लेक-जावयाशी भांडण नाही, थंडीची तक्रार नाही. फक्त जायचंय.

"मामा, तू ये आणि तिला समजाव. तुझं ऐकते ती," ऋचा फोनवर म्हणाली. हा माझ्यावरचा निराधार आरोप आहे. मी जन्मल्यापासून ताईने माझं काहीही ऐकलेलं नाही. तरी मी गेलो. माझ्याच परतीच्या विमानात ताईचंही तिकीट काढलेलं होतं. ते रद्द करवायचं काम ऋचाने माझ्याकडे दिलं होतं, आणि ते रद्द होऊ द्यायचं नाही हे काम ताईने.

आता बिस्किट. ऋचाच्या लॅबमधली कॅरन नावाची बाई नॉर्वेला फिरून आली आणि तिने एक पुडा आणला. त्यावरच्या नावाचा फोटो काढून ऋचाने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "तुझ्यासाठी खाऊ." आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला नातेवाईक असलाच खाऊ पाठवतात. नॉर्वेजियन भाषेत बिस्किटाला म्हणतात ‘ह्येक्स’. उच्चार अवघड आहे. गरम चहावर फुंकर घालतानाच ‘एक्स’ म्हणायचा प्रयत्न केला, तर साधारण जमतो.

हा शब्द मूळचा इंग्रजी ‘केक्स’. नॉर्वेच्या लोकांनी तो घेतला तेव्हा शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी मनावर घेतलं नाही. एक बिस्किट असलं तरी ह्येक्स. आपण हसू नये. ‘मॅचेस’ची आपण ‘माचिस’ केली आणि एकच काडी हवी असली तरी शेजारी माचिसच मागतो.

इथवर गंमत होती. मग मी आणखी खणलं आणि जरा सावरून बसलो. इंग्रजांचा ‘केक’ त्यांचा स्वतःचा नाहीच. तो जुन्या नॉर्स भाषेतला ‘काका’. उत्तरेचे लोक जहाजं घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, लुटालूट केली, वस्ती केली आणि हा शब्द तिथे ठेवून गेले. कित्येक शतकांनी तोच शब्द इंग्रजी कपडे घालून बिस्किट होऊन घरी परतला. घरी त्याची सख्खी बहीण ‘काके’ अजून नांदत होतीच. नॉर्वेत आजही काके म्हणजे केक आणि ह्येक्स म्हणजे बिस्किट. एकाच फडताळात दोघं शेजारी आहेत आणि ओळख नाही. आम्हाला तत्सम, तद्भव, देशी, परदेशी असे खण शिकवले होते. घरून गेलेला आणि परका होऊन आलेला शब्द कुठल्या खणात टाकायचा, हे शिकवणारे गुरुजी मला भेटले नाहीत.

ऋचाला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, कॅरनची आई पोल्सबोला राहते. नॉर्वेजियन लोकांचं गाव आहे ते. तू आलास की जाऊ. आईलाही बाहेर काढता येईल." म्हणजे बिस्किट हे माझं आमिष होतं आणि मी ताईचं.

मुंबईहून सिएटल हा प्रवास लांब आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गुडघे दुखतात. जाणाऱ्यांना एकच सल्ला: नोव्हेंबरअखेरीस जात असाल तर छत्री नेऊ नका, टोपी असलेलं वॉटरप्रूफ जॅकेट न्या. तिथे छत्री उघडणारा माणूस परगावचा म्हणून ओळखला जातो. आणि सूर्य दुपारी चारच्या सुमारास रजा घेतो, त्यामुळे जे बघायचं ते सकाळी बघा.

बॉथेलला पहिले दोन दिवस मी ताईला समजावण्याची तयारी करत होतो. ताईने मला पोहे दिले, माझे मोजे धुतले आणि विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत गेली.

शनिवारी सकाळी निघालो. बॉथेलहून एडमंड्सचा धक्का गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतो. तिथे गाडीसकट फेरीत चढायचं आणि पलीकडे किंग्स्टनला उतरायचं. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग मोठी असते, तासभर हाताशी ठेवा. जाताना गाडी आणि माणसं दोन्हींचं भाडं घेतात, येताना फक्त गाडी आणि ड्रायव्हरचं. म्हणजे त्या तीरावरून माणूस फुकट परत मिळतो.

बोटीवर गाडीत बसून राहू नका, वर जा. आम्ही वर गेलो तेव्हा सगळं राखाडी होतं. पाणी राखाडी, ढग राखाडी, समोरच्या बाकावरच्या आजोबांचा स्वेटर राखाडी. ऋचा म्हणाली, "बॅड लक यार, आज माउंटन आउट नाहीये." तिथले लोक असंच म्हणतात, डोंगर आज ‘बाहेर’ आहे किंवा नाही, जणू तो शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी काही उपरोधिक बोलणार होतो. तेवढ्यात पश्चिमेकडचे ढग जरा वर उचलले गेले आणि त्यांच्याखाली ऑलिंपिक पर्वताची अख्खी रांग उभी होती, बर्फाने पांढरी, काठ इतका स्पष्ट की कुणी आत्ताच कापून ठेवलेला असावा. मग दक्षिणेकडे वळलो तर तिथे माउंट रेनियर. तो जमिनीवरून सुरू होत नाही. खाली धुकं, मधे काही नाही, आणि वर आभाळात एकटा पर्वत. कालिदासाला हिमालयाच्या वर्णनात पृथ्वीची मोजपट्टी सुचली ती बसल्याजागी सुचली असेल, असं मला इतकी वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. रोज ये-जा करणारे लोकसुद्धा कॉफी हातात धरून नुसते उभे होते.

ताई म्हणाली, "हे रोज इथेच असतं?"

"असतं, पण दिसत नाही आई."

"असेल," ताई म्हणाली आणि पदर सारखा केला.

किंग्स्टनहून पोल्सबो वीसेक मिनिटं, दोन्ही बाजूंनी उंच सुरूसारखी झाडं. गाव लिबर्टी बे नावाच्या खाडीच्या काठावर आहे. मुख्य रस्त्यावर पार्किंग मिळतं, पण तासांची मर्यादा असते, पाटी वाचा. दुकानांवर नॉर्वेचे झेंडे, भिंतींवर फुलांची नक्षी, बेकरीसमोर रांग. शाकाहाऱ्यांनी वाटाण्याच्या सूपवर भरवसा ठेवू नये, त्यात डुकराचं मांस असू शकतं. लेफ्सा मात्र मागा. बटाटा घालून केलेली पातळ पोळी, लोणी-साखर लावून गुंडाळलेली. ताईने ती उलगडून पाहिली, प्रकाशात धरली आणि "लाटलीय चांगली" असा अभिप्राय दिला. बहिणीच्या तोंडून एवढी स्तुती मी माझ्या बायकोच्या पोळीचीही ऐकलेली नाही.

कॅरनची आई, मार्गिट, गावाच्या वरच्या अंगाला एकटी राहते. वय ऐंशीच्या पुढे, उंच, ताठ, उजव्या दुखऱ्या मनगटाला आधाराचा पट्टा. तिचा नवरा एर्लिंग गेल्या उन्हाळ्यात वारला. दारातच तिने मला विचारलं, "तूच तो बिस्किटवाला?"

स्वयंपाकघरात कॉफी झाली आणि मी ह्येक्सची सगळी कथा इंग्रजीत सांगितली, काठावरच्या जहाजांसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या घरी हा शब्दच नव्हता," ती म्हणाली. "माझे पणजोबा आले तेव्हा त्यांच्या खोऱ्यात बहुतेक तो पोचलाच नव्हता. आम्ही लहान-मोठं सगळं काकेच म्हणायचो. तरुणपणी मी पहिल्यांदा नॉर्वेला गेले. दुकानात कॉफीबरोबर काके मागितली. बाईने क्रीमचा हा एवढा तुकडा दिला. मी म्हटलं, नाही, कुरकुरीत, छोटी. तर म्हणाली, मग ह्येक्स म्हण ना. मला वाटत होतं मी घरी आले. तिला वाटत होतं मी म्युझियममधून पळाले."

मी इतकी वर्षं व्युत्पत्ती शिकवली, पण शब्दाच्या या बाजूला उभं असलेलं माणूस पहिल्यांदा भेटलं. ज्यांनी घर सोडलं त्यांच्याकडे जुना शब्द राहिला आणि ज्यांनी सोडलं नाही त्यांच्याकडे नवा आला. खरं नॉर्वेजियन कोण, हा प्रश्न न विचारण्याइतका शहाणपणा माझ्यात होता.

मार्गिटचं त्या दिवशी काम होतं. नाताळला त्यांच्याकडे सात प्रकार लागतात, सात म्हणजे सात. सहावा तिने संपवला होता, सातवा आज तळायचा होता. "माणूस गेलं त्या वर्षी तर करायचेच," ती म्हणाली. "नाहीतर घराला वास चुकीचा येतो."

मी हे ताईला मराठीत सांगितलं.

मार्गिटने पीठ ओट्यावर घेतलं, पातळ लाटलं आणि खणातून पितळी चाकाचं हत्यार काढलं. दातेरी चाक, लाकडी मूठ.

"कातण," ताई एकदम म्हणाली.

तेच होतं. मार्गिटने तिरके छेद दिले, चौकोन पडले, चौकोन तळणीत गेले, फुगले, बदामी झाले. तिने ते काढून कागदावर टाकले, वर साखर भुरभुरली. वेलदोड्याचा वास आला. मी एक खाल्ला, मग दुसरा. त्याचं नाव ‘फात्तिगमन’, म्हणजे गरीब माणूस. वरच्या साखरेला काय म्हणता, विचारलं तर म्हणाली, ‘सुक्कर’.

मी हातातला तिसरा खाली ठेवला. आपली शर्करा इराणात गेली, तिथे शकर झाली, तिच्यापासून शक्करपारा झाला, तो इथे आला आणि आपण त्याला ओळखलं नाही. आपल्याच शर्करेला परकी समजून वर शंकराचं नाव दिलं: शंकरपाळे. तीच शर्करा अरबांकडून बोटी बदलत पश्चिमेला गेली, उत्तरेच्या टोकाला सुक्कर झाली आणि तिथून अटलांटिक ओलांडून या ओट्यावर आली. वर्गात मी हे फळ्यावर बाण काढून शिकवत असे. बाण काढणं सोपं असतं. इथे ती साखर माझ्या बोटांना चिकटली होती.

"आई, तू मदत कर ना त्यांना," ऋचा म्हणाली. "त्यांचा हात बघ. तुला तर डोळे मिटून येतात हे."

"यंदा नाही," ताई म्हणाली.

"का पण?"

"वर्ष झालं नाही अजून. आपल्या घरी यंदा कढई चढवायची नाही."

ऋचाला हे माहीत नव्हतं. कसं असणार, कॉलेज संपल्यापासून ती बाहेर. ती म्हणाली, "मग दिवाळीला लोक काय करतात? फराळच नाही?"

"असतो की. दुसरे आणून देतात. शेजारचे, सोयरे. ज्यांच्याकडे दुःख आहे त्यांना करू द्यायचं नाही, पण ताट रिकामं ठेवायचं नाही."

"आई, मी पुण्याहून मागवला होता ना फराळ. सगळं होतं त्यात. तू हातसुद्धा लावला नाहीस. मला वाटलं चव आवडली नाही."

"मागवलेला तो आपलाच झाला, ऋचा. कुणी आणून दिला नव्हता."

"मग सांगायचं ना मला. इथे चार मराठी फॅमिलीज आहेत, मी एका मिनिटात..."

"सांगून आणलेला काय कामाचा?" ताई हे रागाने म्हणाली नाही. "मिरजेत सांगावं लागत नाही. एवढंच आहे. इथे तुझं काही चुकलं नाही."

तर हे होतं कारण. मी ते शोधायला समुद्र ओलांडून आलो होतो आणि दोन दिवस ताईला गुडघ्यांच्या डॉक्टरांविषयी आणि विमा योजनेविषयी समजावत होतो.

मार्गिटने विचारलं, काय झालं. ऋचाने रडत आणि नाक पुसत इंग्रजीत सांगितलं. मार्गिटने ऐकलं, ताईकडे पाहिलं, आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून त्यात फात्तिगमन भरायला लागली.

"यात अंडं आहे का, विचार," ताई मला हळूच म्हणाली.

मी विचारलं. पिवळे बलक होते. थोडी ब्रँडी होती. आणि तळण डुकराच्या चरबीत, तिच्या आईच्या पद्धतीने. अंडं, दारू आणि चरबी, तिन्ही एका चौकोनात, आणि असे दोन चौकोन माझ्या पोटात. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

ऋचा समजावून सांगायला लागली की, आई खात नाही, राग मानू नका. मार्गिटने हात वर करून तिला थांबवलं. तिने तळणी उचलून बाहेर पडवीत नेऊन ठेवली. दुसरं पातेलं काढलं, ते गरम पाण्याने दोनदा घासलं, पट्ट्याच्या हाताने. बंद बाटली फोडून त्यात तेल ओतलं. मग मैदा, साखर, लोणी, दुधाची बाटली असं सगळं ताईसमोर मांडलं आणि बाजूला उभी राहिली.

ताई माझ्याकडे वळली. "काय रे, शास्त्र काय म्हणतं? दुसऱ्याच्या घरी मळलं तर?"

"शास्त्राने वॉशिंग्टन राज्याचा विचार केलेला नाही," मी म्हटलं. "पण पीठ तिचं, तेल तिचं, चूल तिची. तळणारही तीच. म्हणजे फराळ तिचा."

"तुझं शास्त्र नेहमी सोयीचं असतं," ताई म्हणाली आणि बाह्या मागे सारल्या.

पुढचा तासभर त्या दोघींना आमची गरज लागली नाही. ताई मराठीत बोलत होती, मार्गिट इंग्रजीत. "जाड ठेवा जरा, एवढं पातळ नको," ताई सांगायची आणि मार्गिट पातेल्याखालची आच कमी करायची. तेही बरोबरच होतं. निघताना मार्गिटने डबा दारात ताईच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला. ताईने तो कपाळाला लावला. मार्गिटला ते कळलं नसावं, पण तिने मान लववली.

परतीच्या बोटीवर आभाळ मिटलं होतं. ताईने डबा उघडून एक शंकरपाळा खाल्ला.

"साखर कमी पडलीय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हिचा नवरा याच वर्षी गेला ना? नाताळ हाच पहिला."

"हो."

"मग तिच्याकडे कोण नेणार?"

"अगं, कॅरन आहे की," ऋचा म्हणाली.

"लेकीने नेलेलं घरचंच झालं."

"त्यांचं नॉर्वेजियन मंडळ आहे. आणि ती स्वतः सात प्रकार करते आई, त्यांच्यात तसं नसतं."

"त्यांच्यात नसेल. आपल्यात आहे ना?" ताईने डबा बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या तिकिटाचं बघ. पुढे ढकलता येत असेल तर. नाताळ झाल्यावर ठरवू."

मी सांगलीला एकटा परतलो. शेजारच्या सीटवर एक तरुण होता, तो मुंबईपर्यंत झोपला. घरी आल्यावर लोकांनी विचारलं, काय पाहिलं अमेरिकेत? मी रेनियरचा फोटो दाखवतो. फोटोत तो ढगासारखा दिसतो, लोक नम्रपणे "वा" म्हणतात. ह्येक्सची कथाही सांगतो, ती जास्त चालते. पण त्या पातेल्याविषयी, ऐंशीच्या पुढच्या बाईने पट्ट्याच्या हाताने ते दुसऱ्यांदा घासलं त्याविषयी, कुणाला काय सांगावं ते मला अजून जमलेलं नाही. पोल्सबोला जाणाऱ्यांसाठी ते कुठल्या माहितीपत्रकातही नाही.

नाताळनंतर ताईचा फोन आला. यंदा तिला कढई चढवता येत नव्हती, म्हणून शंकरपाळे ऋचाने एका मराठी ओळखीच्या घरी, त्यांच्या चुलीवर केले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

"कसे झाले?"

"दगड. तुझ्या डोक्यात घातला तर टेंगूळ येईल."

"मग?"

"मग काय, नेले तसेच. फेरीला ही रांग. तिने डबा घेतला, सात ताटल्या होत्या टेबलावर, त्यांच्यात आठवी मांडली आणि एक उचलून कॉफीत बुडवून ठेवला. मऊ होईपर्यंत आम्ही दोघी बसून राहिलो."

मिरजेला कधी येणार, हे मी विचारलं नाही. तिनेही काढलं नाही. ती म्हणत होती, आता संक्रांत येते आहे, इथे तीळ मिळतात पण चिकीचा गूळ मिळत नाही, कुणी येणारं असेल तर पाठव.